रिंग मुलांच्या उंचीला



आपल्या साहाय्याने वसतिगृहाच्या अंगणात बास्केटबॉलचा खांब उभा राहिला. मुलांना हा खेळ कसा शिकवावा, हे पाहताना प्रथम त्याची जन्मकथा पाहू या.

जेम्स नेस्मिथ हे ईश्वरविज्ञान शिकलेले व्यायामशिक्षक. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत त्यांनी हा खेळ सुरू केला. हिवाळ्यात तरुणांना बंद सभागृहात खेळवायचे होते. तिथे धक्काबुक्की परवडणारी नव्हती. म्हणून चेंडू घेऊन पळण्यास त्यांनी मनाई केली, म्हणजे पळणाऱ्याला कोणी पाडणार नाही. गोल डोक्याच्या वर ठेवला, म्हणजे जोरापेक्षा नेमाला महत्त्व येईल. पीच फळांच्या टोपल्या त्यांनी सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता. रिंगची उंची आजही तीच आहे, ३.०५ मीटर.

पण ते माप तरुणांसाठी होते. दहा वर्षांचे मूल तिथवर चेंडू पोहोचवायला कमरेपासून सगळे अंग झोकून तो भिरकावते. ही सवय पुढे सहजी मोडत नाही. म्हणूनच मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ क्रमांकाचा, म्हणजे लहान व हलका असतो.

शिकवताना मी हा क्रम पाळतो :

१. पाय : धावताना तोल सांभाळून थांबणे, एक पाय रोवून वळणे.
२. ड्रिबल : दोन्ही हातांनी आलटून पालटून, नजर समोर.
३. पास : छातीपासून, साथीदाराच्या हातात.
४. नेम : रिंगजवळून, जमले की एक पाऊल मागे.

सरावात तिघातिघांचे संघ करावेत. दहा जणांच्या गर्दीत चेंडू धीट मुलांकडेच फिरतो आणि लाजाळू मूल त्याला हात न लावताच परत जाते.

स्पर्धा जवळ आली की उंच मुलेच खेळवा, असा आग्रह होतो. पण बाराव्या वर्षी सर्वांत उंच असणारा सोळाव्या वर्षीही तसाच राहील, असे नाही. आज बुटका म्हणून बाकावर बसवलेला मुलगा किंवा पाड्यातून पहिल्यांदाच बाहेर आलेली मुलगी उद्या अंगणात येईनाशी होते. चषक एक वर्ष उशिरा आला तरी चालेल. मूल गमावू नये.

विचारासाठी प्रश्न : आपल्या मंडळीत व शब्बाथ शाळेत मुलांसाठी आपण कोणती रिंग फार उंच बांधली आहे? ती खाली कोण आणील?