‘गाडीत लावली? मग वॉरंटी नाही!’

दुकानदाराने बॅटरी स्वतःच्या दारात, स्वतःच्या माणसाकडून गाडीच्या मागच्या बाकाखाली बसवून दिली. फिटिंगचे वेगळे पैसे लावले. वर्षाच्या आत तिने मान टाकली, तेव्हा त्याच दुकानदाराने वॉरंटी कार्ड उलटं करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. “काका, ही घरगुती इन्व्हर्टरची आहे. गाडीत लावली की वॉरंटी जाते.” प्रस्तुत लेखकाने बिल पुढे केलं. पक्कं बिल आणि त्यावर गाडीचा नंबर, हे दोन्ही त्याने हट्टाने लिहून घेतलं होतं. “ते पोराने लिहिलंय,” एवढं बोलून मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गाडी म्हणजे ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर. इंजिनाची बॅटरी वेगळी, आणि मागचा फ्रिज, पंखा, दिवे, पंप चालवणारी वेगळी. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांकडे लोक जरा ओळखीने बघू लागलेत. बॅटरीवाल्यांचा हिशेब मात्र अजून घरच्या इन्व्हर्टरपलीकडे जात नाही.

तारकर्लीला रात्री पंखा मंदावत मंदावत थांबला. सकाळी मालवणहून मेकॅनिक आला, त्याने बाक उचलला आणि नाक दाबून मागे सरला. सडक्या अंड्यांचा वास. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी खरड, आणि खालचा प्लायवूड काळा पडून इतका भुसभुशीत झालेला, की बोट टेकवलं तर पापुद्रे सुटत होते. “ही तर घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी. ही गाडयेत कोणी बसयली?” डोकं फिरलं ते तिथे. कारण खरेदीच्या वेळी लेखकाने स्पष्ट विचारलं होतं, सीलबंद आहे ना? उत्तर मिळालं होतं, “काही बघावंच लागत नाही, काका.” आणि बाकाखाली निघाली उंच ट्यूब्युलर, पाणी भरायच्या सहा झाकणांची!

ट्यूब्युलर बॅटरी वाईट नसते. बाल्कनीत ट्रॉलीवर स्थिर उभी राहिली तर वर्षानुवर्षं चालते. पण घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत तिचं अॅसिड झाकणांतून बाहेर येतं. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, बॅटरी जास्त चार्ज होऊन तापल्याची खूण. हा वायू विषारी असतो. ज्या बाकावर माणसं झोपतात त्याच्याखाली ही वस्तू ठेवणाऱ्याला काय म्हणावं, ते छापण्याजोगं नाही.

कॅम्परला सीलबंद एजीएम (न सांडणारी लेड-अॅसिड) घ्यावी, नाहीतर लिथियम. त्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उकाड्यात दिवसाला ३० ते ४० अँपिअर-अवर सहज खातो. दोन अँपिअरचा पंखा रात्रभरात १६ घेतो. दिवे, पंप, मोबाइल यांचे दहाएक धरा. झाले साठ-पासष्ट. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे १५० अँपिअर-अवरच्या (एएच) बॅटरीतले हाताशी ७५. जमलं असं वाटतं, पण इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी तासाला अँपिअरभर खातो, दिवसाचे चोवीस. त्याचं बटण बंद ठेवायला विक्रेता कधीच सांगत नाही. शिवाय १५०चा आकडा बहुधा ‘सी-२०’चा, म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास काढले तरचा असतो. दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी सव्वाशे अँपिअर ओढते. तिथे तो आकडा विसरायचा.

दुरुस्तीसाठी गेल्यावर दुकानदाराने शक्कल काढली. जुनी राहू द्या, शेजारी एक नवी जोडून देतो. लेखकाने नकार दिला. जुनी-नवी समांतर जोडली की नवीलाही जुनीची दुखणी लागतात. बदलायच्या तर जोडी एकदम, एकाच बनावटीच्या, एकाच वयाच्या. उत्पादनाचा महिना बॅटरीच्या अंगावरच्या कोडमध्ये असतो. पैसे देण्याआधी त्याचा अर्थ दुकानदाराकडूनच वदवून घ्या. शेल्फवर वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी नसते. काढताना आधी निगेटिव्ह सोडवायची, लावताना ती शेवटी. पॉझिटिव्हजवळच फ्यूज हवा. काहीही सोडवण्याआधी तारांचे फोटो काढून ठेवा. काही तास विश्रांतीनंतर मल्टिमीटरवर १२.७ व्होल्ट दिसले तर लेड-अॅसिड भरलेली, १२.१च्या आसपास म्हणजे निम्मी.

जुन्या बॅटरीचे पैसे वेगळे ठरवा, ‘डिस्काउंटमध्ये धरलेत’ हे ऐकून घेऊ नका. शिशाला भंगारात चांगला भाव असतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा परत घेणाऱ्या अधिकृत विक्रेत्यालाच द्या.

आता लिथियमविषयी. १९९७मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या चमूत अक्षय पाढी यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा निबंध प्रसिद्ध केला. कॅम्परमध्ये आज जी लिथियम बॅटरी घालतात ती मुख्यतः याच जातीची. १०० एएचची साधारण १२ किलोंची. १५०ची ट्यूब्युलर पन्नाशीच्या वर जाते. शिवाय हिचा ८० टक्के भाग बिनधास्त वापरता येतो. पण दुसऱ्या एका दुकानातलं “जुनी काढा, ही ठेवा, संपलं” हेही खरं नव्हे. चार्जरला लिथियमची सेटिंग हवी, नाहीतर इक्वलायझेशनचा चढा व्होल्टेज तिच्या माथी बसतो. लिथियम करंट अधाशासारखा ओढते, त्यामुळे इंजिन नुसतं चालू ठेवून चार्ज केलं तर अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर पाहिजेच. स्पिती-लडाखला निघणाऱ्यांनी बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या नियंत्रण-सर्किटमध्ये, थंडीतलं चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, ते विचारावं. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर आतले सेल कायमचे बिघडतात. स्वस्त बॅटरीत नेमकी हीच सोय गाळलेली असते.

राहता राहिला दुकानदार. लेखकाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली. त्यानंतर मालकांचा सूर एकदम ‘अहो काका’वर आला आणि बॅटरीचे पैसे परत मिळाले. प्लायवूडचे आणि फिटिंगचे अजून नाहीत. बिल न देणं, तसंच सदोष माल बिलावरच्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. हेल्पलाइनने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीही नाही.