चेमेनस गांवच्या भिंती

कॅनडा देशाच्या पश्चिमेस व्हँकूव्हर नांवाचें बेट आहे. तेथील चेमेनस हें लहानसें गांव लांकूड कापण्याच्या गिरणीवर जगे. १९८३ सालीं ती गिरणी बंद पडली व शेंकडों कामगारांची रोजी गेली. मात्र वर्षभर आधींच तेथें एका निराळ्या उद्योगास आरंभ झाला होता. कार्ल शुट्झ नामक व्यापाऱ्यानें रुमानियांतील मठांच्या बाहेरील भिंतींवर जुनीं चित्रें पाहिलीं होतीं. तशींच आपल्या गांवीं काढवून घ्यावीं असें त्याच्या मनानें घेतलें. १९८२ सालीं पांच भिंती रंगल्या. पुढें ही संख्या चाळिसांवर गेली. विषय परके नव्हेत, गांवचेच: ओंडके ओढणारें वाफेचें यंत्र, मूळ रहिवाशांचे चेहरे, चिनी वाण्याचें दुकान. बालमित्रहो, ज्या भिंतीवरून आपण रोज शाळेस जातों तिच्यावर आपल्या आजोबांचे श्रम रंगविलेले असावेत, ही कल्पनाच किती गोड!

चित्रांनीं पोट भरतें काय, ही शंका रास्त आहे. १९८५ सालीं नवी गिरणी निघाली, परंतु तींत माणसें थोडींच लागलीं. बाकीच्यांस चित्रें पाहावयास येणारे प्रवासी व त्यांच्यासाठीं उघडलेलीं दुकानें यांचा आधार झाला. ऊनपावसानें रंग उडतात, म्हणून त्या भिंती पुन्हां पुन्हां रंगवाव्या लागतात.