जपानला निघताना फोनमध्ये काय असावे?

प्रश्न : मी आणि पत्नी एप्रिलमध्ये जपानला जातोय. दोघेही शाकाहारी. फोनमध्ये कोणती ॲप्स घ्यावीत? – एक वाचक, सांगली

उत्तर : ॲप्सची गर्दी नको. गूगल ट्रान्सलेटमध्ये जपानी भाषा घरच्या वायफायवरच डाउनलोड करा. मग नेट नसतानाही पाकिटावर कॅमेरा धरून मजकूर वाचता येतो. शाकाहाऱ्यांनी मात्र तेवढ्यावर विसंबू नये. भाज्यांच्या सूपमध्येही बहुधा ‘दाशी’ नावाचा अर्क असतो, आणि तो अनेकदा सुक्या माशाचा. ‘मासे, दाशी चालत नाही’ हे वाक्य जपानीत करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि ऑर्डर देण्यापूर्वीच दाखवा.

लोकल, बससाठी ‘सुइका’ कार्ड आयफोनमध्ये घेता येते. जपानबाहेर विकलेल्या अँड्रॉइडवर ते सहसा चालत नाही, तेव्हा स्टेशनवर प्लास्टिकचे कार्ड घ्या. मार्गासाठी गूगल मॅप्स पुरेसे आहे. फलाट क्रमांकही बऱ्याचदा कळतो.

यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. बँकेच्या ॲपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करा, थोडे येन रोख ठेवा. नेटसाठी ई-सिम घेतलेत तरी भारतीय सिम रोमिंगसह चालू राहू द्या, फक्त त्याचा डेटा बंद करा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. जपानमधील रुग्णवाहिकेचा ११९ हा नंबरही फोनमध्ये ठेवा.