दुकान सांभाळून शेतीशास्त्राची पदविका



पिकावर रोग दिसला की आपण प्रथम कोणाकडे जातो? विद्यापीठ दूर असते. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याकडे अनेक गावे असतात. कृषी सेवा केंद्र मात्र बाजारपेठेतच असते. रोगट पान पिशवीत घालून आपण ते दुकानदारासमोर ठेवतो आणि तो देईल ती बाटली घेऊन घरी येतो. बी कोणते पेरावे, खत किती टाकावे, हेही बहुतेक वेळा तेथेच ठरते. असा हा दुकानदार अनेक गावांत शेतीचा पहिला सल्लागार असतो. परंतु त्याचे स्वतःचे शिक्षण पुष्कळदा दहावी-बारावीपर्यंत किंवा दुसऱ्याच एखाद्या शाखेत झालेले असते.

हा प्रश्न केवळ उत्पन्नाचा नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नसणे आणि दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणे, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. यांतील शेवटच्या कारणाची सुरुवात बहुधा दुकानाच्या काउंटरवरच होते. म्हणून आपण स्वतः असे केंद्र चालवीत असाल किंवा घरातील मुलगा, सून ते चालवीत असेल, तर पुढील माहिती अवश्य वाचावी.

आठवड्यातून एक दिवस

हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ‘मॅनेज’ने, २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. तिला ‘देसी’ या छोट्या नावाने ओळखतात. २०१५ मध्ये केंद्र शासनाने ती योजना म्हणून देशभर नेली. आपल्या राज्यात नागपूरची ‘वनामती’ ही संस्था तिचे काम पाहते आणि वर्ग जिल्ह्यातील ‘आत्मा’, कृषी विज्ञान केंद्रे व अशाच संस्थांमार्फत भरतात.

अभ्यासक्रम ४८ आठवड्यांचा आहे. त्यांपैकी ४० दिवस वर्गात आणि ८ दिवस प्रत्यक्ष शेतावर किंवा प्रक्षेत्रावर जातात. वर्ग रविवारी किंवा बाजार बंद असण्याच्या दिवशी ठेवतात, त्यामुळे दुकानाला कुलूप लावण्याची गरज पडत नाही. शिकवणे स्थानिक भाषेत व स्थानिक पिकांवर असते. प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. वयाने पन्नाशी गाठलेल्या माणसाने ‘आता काय शिकायचे’ म्हणून मागे सरू नये. त्याच्याजवळ वीस वर्षांचा गिऱ्हाइकांचा अनुभव असतो आणि अशा वर्गात तोच उपयोगी पडतो.

शिकून काय फरक पडतो?

एक उदाहरण घ्या. गिऱ्हाईक पिवळे पडलेले पान आणते. सवयीने युरिया सुचवला जातो. परंतु पिवळेपणा झाडाच्या खालच्या, जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर तो नत्राच्या कमतरतेचा असू शकतो. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर लोहाची कमतरता संभवते. चुनखडीच्या जमिनीत हे वारंवार दिसते. तेथे कितीही युरिया टाकला तरी पैसा वाया जातो. तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारावा, ‘पान झाडाच्या कोणत्या भागातले?’ दुसरा, ‘जमीन कशी आहे?’ बाटली त्यानंतर.

दुसरे उदाहरण औषध बदलण्याचे. इमिडाक्लोप्रिडने तुडतुडे आटोक्यात आले नाहीत म्हणून थायामेथोक्झाम दिले, तर गिऱ्हाइकाला वाटते औषध बदलले. नाव बदलले खरे, पण दोन्ही एकाच गटातील आहेत. किडीमध्ये त्या गटाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली असेल तर दुसरी बाटलीही फुकट जाते. औषध बदलताना गट बदलला पाहिजे.

डब्यावरील त्रिकोणी रंगाचेही तसेच आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे; ते विष इतरांपेक्षा सौम्य आहे एवढाच त्याचा अर्थ.

हिशोबाचा भाग सोपा वाटतो, पण चुका तेथेच अधिक होतात. शिफारस १० लिटर पाण्यास २० मि.लि. असेल आणि पंप १६ लिटरचा असेल, तर पंपास ३२ मि.लि. औषध लागते. ‘दोन झाकणे टाका’ हे माप नव्हे, कारण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. मोजपात्र बाटलीबरोबर द्यावे.

प्रवेशापूर्वी काही गोष्टी

परवान्यावर नाव एकाचे आणि दुकानात बसणारा दुसराच, असे अनेक ठिकाणी आढळते. काही ठिकाणी तर पदवीधराचे प्रमाणपत्र वर्षाला पैसे मोजून भिंतीवर टांगलेले असते. कीटकनाशकांच्या विक्री परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आहे; टांगलेल्या कागदाने ती पुरी झाल्यासारखी दिसते, पण शेतकऱ्याच्या हाती बाटली देणारा अजाणच राहतो. जो प्रत्यक्ष काउंटरवर बसतो त्याने शिकावे. नवरा शेतात आणि पत्नी दुकानात असेल तर पत्नीचे नाव घालावे. परवाना नसलेल्यांच्या प्रवेशाचे व शुल्काचे नियम, तसेच आपल्या परवान्यासाठी ही पदविका चालते किंवा कसे, हे परवाना अधिकाऱ्यांकडून आधीच विचारून घ्यावे.

दहावी राहून गेली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकेक विषय सोडवीत पाच वर्षांपर्यंत परीक्षा पुरी करता येते. शेती सांभाळणाऱ्यास ही सोय अधिक मानवते.

पदविका झाली म्हणजे उधारी सुटते किंवा कंपनीच्या विक्री योजनांचा दबाव कमी होतो, असे नाही. तो भाग ज्याचा त्यानेच सांभाळावयाचा आहे.

जून-जुलैत दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि नेमके त्याच काळात वर्ग बुडतात. म्हणून त्या महिन्यांतील वर्गाच्या दिवशी दुकान कोणी पाहायचे, हे आधी घरात ठरवून घ्यावे. एका तुकडीत ४० जणच घेतात, तेव्हा ‘आत्मा’ कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी लवकर करावी आणि पहिल्या वर्गाला जाताना आपल्या भागातील दोन-चार रोगट पाने बरोबर न्यावीत.