खोट्या बातमीचा वणवा : ब्रह्मदेशाचा धडा

हल्ली बहुतेक घरांत मोबाईल आलेला आहे. पावसाचा अंदाज, बाजारभाव, मुंबईस गेलेल्या मुलाची खुशाली, सभेची सूचना, हे सर्व त्याच्याच द्वारे कळते. अशा उपयोगी वस्तूविषयी इशारा द्यावा, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ह्याच साधनाचा आधार घेऊन जवळच्या एका देशात केवढा अनर्थ घडविण्यात आला, हे प्रत्येकाने समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. म्हणून ह्या पाठात आम्ही ब्रह्मदेशाची, म्हणजे ज्यास आता म्यानमार म्हणतात त्या देशाची, हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. गावात पाठ चालविणाऱ्यांनी तो दोन बैठकांत घ्यावा व शेवटी दिलेल्या प्रश्नांवर सर्वांस बोलू द्यावे.

१. वाळलेले गवत

ब्रह्मदेशात बौद्ध लोक बहुसंख्य आहेत. त्या देशाच्या पश्चिमेस, बंगालच्या उपसागराच्या काठी, राखाइन नावाचा प्रांत आहे. त्यास पूर्वी आराकान म्हणत. तेथे रोहिंग्या नावाचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. १९८२ सालच्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांपैकी बहुतेकांस देशाचे नागरिक मानण्याचे नाकारले. 'काला' असा एक शब्द त्या भाषेत आहे. हिंदी वंशाच्या लोकांस, आणि विशेषतः मुसलमानांस, हिणवण्यासाठी तो वापरला जातो. जून २०१२ मध्ये राखाइनात दंगे उसळले, आणि त्या वर्षाअखेर लाखाहून अधिक माणसे घरादाराला मुकून छावण्यांत जाऊन पडली. त्या काळी मोबाईल फारच थोड्यांजवळ होता.

ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. द्वेष यंत्राने उत्पन्न केला नाही. कायद्याने ज्यास परका ठरविले, रोजच्या बोलण्यात ज्याचे नाव शिवी झाले, त्याच्याविषयी कोणतेही वाईट बोलणे खरे वाटू लागते. गवत अगोदरच वाळलेले होते. ठिणगी मागाहून पडली.

२. घरोघरी आलेले यंत्र

ब्रह्मदेशात अनेक दशके लष्करी अंमल होता. वर्तमानपत्रांतील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसापुढे ठेवावा लागे. ही पद्धत ऑगस्ट २०१२ मध्ये बंद झाली. मोबाईलच्या सिमकार्डास पूर्वी शेकडो डॉलर पडत. २०१४ साली दोन परदेशी कंपन्या तेथे आल्या आणि तेच कार्ड सुमारे दीड डॉलरास मिळू लागले. थोड्याच वर्षांत कोट्यवधी लोकांच्या हाती मोबाईल आला, आणि त्यांतील पुष्कळांस इंटरनेट म्हणजे फेसबुक व फेसबुक म्हणजे इंटरनेट असे वाटू लागले. स्वतंत्र वर्तमानपत्र वाचण्याची, दोन बातम्या ताडून पाहण्याची सवय लागण्यापूर्वीच हे सर्व घडले.

ह्या यंत्राचा एक स्वभाव समजून घेतला पाहिजे. फेसबुकावर कोणाचा मजकूर कोणापुढे आधी यावा, हे यंत्रच ठरविते. ज्या मजकुरावर लोक अधिक थांबतात, अधिक बोलतात, जो अधिक जणांस धाडतात, तो ते आणखी लोकांपुढे नेते. आता मनुष्य कशापाशी थांबतो? शेजाऱ्याचे पीक बरे आले ह्या बातमीपाशी कोणी फारसे थांबत नाही. शेजाऱ्याने घात केला, असे ऐकताच सारे गाव गोळा होते. यंत्रास बरेवाईट कळत नाही. त्यास गर्दी मात्र कळते.

३. मंडाले येथील दोन मृत्यू

ज्या मंडाले शहरात लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ पर्यंत कारावास भोगला, तेथेच २०१४ साली ही गोष्ट घडली. चहाच्या दुकानाच्या मुसलमान मालकांनी एका बौद्ध स्त्रीवर बलात्कार केला, अशी वार्ता इंटरनेटवर आली. विराथू नावाच्या जहाल भिक्षूने ती फेसबुकावरून आपल्या असंख्य अनुयायांस पोहोचविली. १ जुलै रोजी शेकडो लोक त्या दुकानाभोवती जमले. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, आणि दंगलीत दोन माणसे प्राणास मुकली. त्यांत एक मुसलमान होता व एक बौद्ध होता.

पुढे चौकशीत निष्पन्न झाले की, बलात्कार झालाच नव्हता. ती तक्रार बनावट होती. २०१५ साली ह्या बनावाबद्दल पाच जणांस तुरुंगवासाची शिक्षा झाली. न्यायास सत्य शोधून काढावयास महिने लागले. जमावास खोटे ऐकून दुकानापर्यंत जावयास एक दिवस पुरला. मेलेल्या दोघांस त्या निकालाचा काय उपयोग?

४. दोहों बाजूंस एकच भीती

२५ ऑगस्ट २०१७ रोजी रोहिंग्यांच्या एका सशस्त्र टोळीने राखाइनातील सुमारे तीस पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने साऱ्या रोहिंग्या समाजावरच शस्त्र उगारले. गावे जाळली, स्त्रियांची विटंबना केली, लहान मुलांसही सोडले नाही. सात लाखांहून अधिक लोक नाफ नदी ओलांडून अथवा डोंगर तुडवून बांगलादेशात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने मृतांचा आकडा दहा हजार धरला, आणि तोही कमीत कमी म्हणून.

त्या सप्टेंबरात एक विलक्षण प्रकार घडला. मोबाईलवर बौद्धांस निरोप येऊ लागले की, ११ सप्टेंबर रोजी मुसलमान तुमच्यावर तुटून पडणार आहेत. त्याच सुमारास मुसलमानांसही निरोप येऊ लागले की, बौद्ध तुमच्यावर चालून येणार आहेत. प्रत्येक निरोपात तो पुढे धाडण्याची विनंती होती. धाडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात कपट नव्हते. आपल्या माणसांचा जीव वाचावा, एवढाच त्यांचा हेतू होता. खोट्या वार्तेचे सामर्थ्य येथेच आहे. ती आपल्याकडे शत्रूच्या हातून येत नाही. ती भावाच्या, मावशीच्या, मित्राच्या हातून येते, आणि त्यांच्यावरील विश्वास आपण तिच्यावर ठेवतो.

काही मजकूर मात्र जाणूनबुजून रचलेला होता. करमणुकीची व सौंदर्यप्रसाधनांची म्हणून चालविलेली काही पाने वस्तुतः लष्कराशी संबंधित होती. अशी तेरा पाने फेसबुकने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढून टाकली. त्याच वर्षी लष्कराने एक पुस्तक छापले. त्यात नदीतील प्रेतांचे एक छायाचित्र देऊन, १९४० नंतरच्या दशकात मुसलमानांनी मारलेले हे बौद्ध होत, असे लिहिले होते. रॉयटर्स वृत्तसंस्थेने शोध केला, तेव्हा ते छायाचित्र १९७१ सालच्या ढाक्याचे निघाले. परदेशातून शिरणारे मुसलमान म्हणून दिलेले दुसरे छायाचित्र आफ्रिकेतील रुआंडाच्या निर्वासितांचे होते. छायाचित्र खरे, पण त्याखालची ओळ खोटी! डोळ्यांनी पाहिले म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नये, ती ह्यासाठी.

५. मालकाचे दुर्लक्ष

कंपनीवर जबाबदारी नव्हती काय? होती, आणि तिला सावधही करण्यात आले होते. परंतु कोट्यवधी लोक ज्या भाषेत लिहीत होते ती ब्रह्मी भाषा वाचून मजकूर तपासणारी माणसे २०१५ च्या आरंभी कंपनीकडे अवघी दोन होती. भाषांतर यंत्रावर सोपविले होते. दिसेल तो 'काला' ठार करा, अशा अर्थाच्या एका मजकुराचे भाषांतर यंत्राने इंद्रधनुष्याविषयी काही निरर्थक वाक्य असे केले! पुढे कंपनीने 'काला' हा शब्दच अडविला, तेव्हा हरभऱ्याविषयी लिहिणाऱ्यांचा मजकूरही काढला जाऊ लागला; कारण त्या भाषेत हरभऱ्याच्या नावातही तोच शब्द आहे. भाषा जाणणाऱ्या मनुष्याचे काम यंत्राकडून होत नाही, हे ह्यावरून दिसते.

२७ ऑगस्ट २०१८ रोजी सत्यशोधन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशी कंपनीने लष्कराच्या सरसेनापतीची व इतर अधिकाऱ्यांची खाती बंद केली. हिंसेस चिथावणी देण्यासाठी आपल्या साधनाचा उपयोग होऊ नये म्हणून आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले. तोवर सात लाख लोक परदेशी छावण्यांत पोहोचले होते.

६. आपल्या अंगणातील गोष्ट

हे सर्व परमुलखात घडले, असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. मंडालेच्या दंगलीस बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे १ जुलै २०१८ रोजी, आपल्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूरकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षेसाठी तेथे आली होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप त्या भागात व्हॉट्सॲपवरून हिंडत होते. ह्या पाचांवर संशय गेला, आणि जमावाने त्यांस ठेचून मारले. त्यांचा काहीही अपराध नव्हता.

त्याच उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटरसायकलवरील दोघे एक मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. वस्तुतः ती कराचीतील एका संस्थेने पालकांस सावध करण्यासाठी तयार केली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात व बोधाचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापला. राखाइनात धर्म व वंश आड आला, राईनपाड्यात भटक्यांविषयीचा जुना संशय. अनोळखी मनुष्याची विचारपूस करण्यापूर्वी हात उगारणे मात्र दोन्हीकडे सारखेच.

७. आपले कर्तव्य

साधन बंद करावे, असे आमचे म्हणणे नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रह्मदेशात लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली, तेव्हा काही दिवसांतच त्याने फेसबुक अडविले. कारण जनता त्याच्याच द्वारे निषेध करीत होती. त्या वर्षी कित्येक ब्रह्मी लोकांनी ह्याच साधनांवरून रोहिंग्यांची जाहीर क्षमाही मागितली. सुरी भाजी चिरते व गळाही कापते. धरणाऱ्याने विचार करावा.

भय किंवा संताप उत्पन्न करणारा निरोप आला, की प्रथम थांबावे. हे कोणी पाहिले, कोठे, कोणत्या दिवशी, असे धाडणाऱ्यास विचारावे. उत्तर नसेल तर निरोप पुढे धाडू नये. शंका असल्यास पोलीस पाटलास किंवा ठाण्यात कळवावे. एखाद्या जातीस अथवा धर्मास किड्यामुंगीची, रोगाची किंवा जनावराची उपमा देणारा मजकूर विनोदासाठीही कोणास दाखवू नये. गवत वाळते ते तेथूनच. खोटे उघड झाल्यास, ज्यांस आपण तो निरोप धाडला त्या प्रत्येकास खरे काय ते कळवावे.

गावात ज्यांच्या शब्दास मान आहे, त्यांच्यावर अधिक भार आहे. विराथूही भिक्षू होता, आणि विथुद्धही भिक्षूच. मार्च २०१३ मध्ये मेइखतिला शहरात मुसलमानांची वस्ती जळत असता ह्या विथुद्धाने शेकडो मुसलमानांस आपल्या मठात आश्रय दिला, आणि जमाव दारी आला तेव्हा त्यांस हवाली करण्याचे साफ नाकारले. एकाच धर्माची वस्त्रे ल्यालेल्या दोघांपैकी एकाने ठिणगी फुंकली, दुसऱ्याने दार अडविले. आपल्या गावी तशी वेळ आलीच, तर दारात कोण उभे राहील, ह्याचा विचार आजच करावा.

विचारावयाचे प्रश्न

(१) मंडालेतील वार्ता खोटी असता लोकांस ती खरी का वाटली?
(२) चांगल्या हेतूने धाडलेल्या निरोपापासून नुकसान कसे होते?
(३) छायाचित्र खरे असूनही फसवणूक कशी होऊ शकते?
(४) आपल्या गावी भटके, फेरीवाले किंवा परप्रांतीय मजूर आले असता त्यांच्याशी आपण कसे वागतो?
(५) गेल्या महिन्यात आपण पुढे धाडलेल्या निरोपांपैकी किती आपण स्वतः पडताळून पाहिले होते?