बाळाचे वजन आणि आईचे ताट

घरात मूल जन्माला आले, की ‘मुलगा की मुलगी?’ या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘वजन किती?’ वजन चांगले असले, की मंडळींचा जीव भांड्यात पडतो. परंतु तराजू बाळाच्या शरीराविषयी सारे काही सांगतो काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या संशोधनाची ओळख करून देण्याचा हा माझा प्रयत्न. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. तरीही हा विषय मला परका वाटत नाही. तो का, हे ओघाने येईलच.

प्रथम शरीरशास्त्राची थोडी उजळणी करू. अन्नातील साखर रक्तात येते आणि ती पेशींत पोचविण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, करते. गर्भारपणी बाळाचे पोषण करणारी वार स्वतःही संप्रेरके निर्माण करते. त्यांच्यामुळे गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईच्या शरीरावर इन्शुलिनचा अंमल कमी होतो आणि बाळाच्या वाट्याला पुरेशी साखर येते. आईचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून तोल सांभाळते. जिला हा तोल साधत नाही, तिला गर्भारपणातील मधुमेह होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वारेतून साखर बाळाकडे जाते. आईचे इन्शुलिन जात नाही. जादा साखर आली, तर बाळाला स्वतःचे इन्शुलिन अधिक निर्माण करावे लागते, आणि इन्शुलिन मेद साठविते. डेन्मार्कचे योर्गेन पेडर्सन यांनी १९५२ साली ही उपपत्ती मांडली. मधुमेही मातांची बाळे वजनदार का असतात, हे तिच्यामुळे उलगडले.

पुण्याजवळच्या खेड्यांतील चित्र मात्र निराळे होते. १९९३ साली सहा खेड्यांत सुरू झालेल्या पाहणीतील बहुतेक माता मधुमेही नव्हत्या आणि त्यांची बाळे हलकी होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, तर या बाळांचे २.७ किलो. त्यांचे दंड बारीक, पोट लहान. पण खांद्याच्या फऱ्याजवळील त्वचेखालचा मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. म्हणजे उणीव मुख्यतः स्नायूंत होती, मेदात नव्हे! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे ‘कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर पोचली. त्याआधी, २००२ साली, पुण्यातील व लंडनमधील नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासले गेले होते. पुण्याची बाळे हलकी असूनही त्यांच्या रक्तात इन्शुलिन अधिक आढळले.

हीच गोष्ट मोठ्या माणसांतही दिसते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा, उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. दोघांनी २००४ साली आपले हे छायाचित्र व आकडे ‘लॅन्सेट’मध्ये छापले.

याचे मूळ कशात असावे? खेड्यांतील मातांच्या आहाराची नोंद पाहता, त्यांनी खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा बाळाच्या आकारमानाशी संबंध आढळला नाही. दूध, पालेभाजी आणि फळे यांचा मात्र आढळला. ज्या माता अधिक कष्टाची कामे करीत, त्यांची बाळे लहान होती. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. ज्यांच्या आईच्या रक्तात ‘ब-१२’ कमी पण फोलेट अधिक होते, त्या मुलांच्या शरीरात इन्शुलिनचा अंमल सर्वांत कमी चालत असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक.

आता माझ्या विषयाचा संबंध सांगते. दुधाचा पेला घरात प्रथम कोणाला मिळतो, डोक्यावर हंडा कोण वाहते, सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले कोण खाते, हे वाटपाचे प्रश्न आहेत, आणि वाटप हा अर्थशास्त्राचा गाभा आहे. या वाटपाचा हिशेब न जन्मलेल्या जिवाच्या शरीरातही मांडला जातो, असे या संशोधनावरून मला वाटते.

अर्थात, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणूनच २०१२ साली, याच पाहणीत जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर त्यांना ‘ब-१२’ देऊन त्यांच्या संततीवर काय परिणाम होतो, हे पाहणारा प्रयोग हाती घेण्यात आला. त्यामागचा विचार आपणा विद्यार्थिनींना विशेष महत्त्वाचा आहे. डोहाळजेवणाला सजविलेले एक ताट पुरेसे नाही. मुलीचे रोजचे ताट तिच्या शाळा-कॉलेजच्या वयापासूनच भरलेले हवे.