संकेतस्थळांची सुगम्यता : यंत्राची तपासणी व माणसाची तपासणी

दृष्टिहीन शिक्षक व विद्यार्थी संकेतस्थळावरील मजकूर स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या मुखातून ऐकतात. 'एनव्हीडीए' ही त्यांपैकी एक विनामूल्य आज्ञावली होय. सहीशिक्क्यासह छायाचित्र काढून चढविलेले परिपत्रक तिच्यापुढे बहुधा कोरा कागद ठरते. (सहीचा हा मोह आपल्या कार्यालयांत फार!) कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मराठी तर अधिक फसवी, डोळ्यांना 'शाळा' दिसते, कानावर असंबद्ध रोमन अक्षरे पडतात. युनिकोडचा आग्रह त्यासाठीच.

संकेतस्थळ तपासणारी यंत्रे निरुपयोगी नाहीत. रंगभेद पुरेसा आहे काय, चित्रास वर्णन जोडले आहे काय, हे ती क्षणात सांगतात. परंतु वर्णन अर्थपूर्ण आहे काय, हे त्यांस उमगत नाही. हिमायतनगर तालुक्याच्या नकाशास नुसते 'नकाशा' असे वर्णन जोडले, तरी यंत्र त्यास उत्तीर्ण करते. उत्तरेस पैनगंगा असून पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे, हे मुलास कळावयाचे तर ते शिक्षकानेच लिहिले पाहिजे.

एक आज्ञावली जोडताच संकेतस्थळ सुगम्य होते, असा दावा करणाऱ्या 'अॅक्सेसिबी' कंपनीस अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दहा लक्ष डॉलर भरावयास लावले. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता ही अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली आणि संकेतस्थळांच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींस सहभागी करण्याचा आदेश दिला.

मुख्याध्यापकांनी शाळेचा कोणताही कागद संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वी मोबाईलवरील 'टॉकबॅक' सुरू करून, पडद्याकडे न पाहता, तो एकदा ऐकावा. केंद्रात दृष्टिहीन सहकारी असल्यास प्रथम त्यांस ऐकवावा.